आधी गाव, मग नाव

१ मार्च १९०१ च्या रात्री हिंदुस्थानात शिरगणती झाली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला आयर्लंडमध्ये. राज्य एकाच राणीच्या वारसाचं, वर्ष एक, महिना एक. आज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या वेळच्या आयरिश शेतकऱ्याच्या घरचा तक्ता कोणालाही फुकट पाहता येतो. घरात कोण कोण होतं, कोणाचं वय किती, कोण विणकर, कोण शेतमजूर, कोणाला वाचता येत होतं, हे सगळं त्यात आहे. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहसिलीत, म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, केशोरी आणि तिच्या आजूबाजूच्या गावांतही प्रगणक घरोघर फिरले होते. घरांना क्रमांक दिले गेले आणि तक्त्यांमध्ये माणसांची नावं, वय, जात, धंदा, जन्माचा जिल्हा, मातृभाषा असं सारं उतरवलं गेलं. जंगलातल्या वस्त्यांमध्ये रात्री फिरणं धोक्याचं, म्हणून अशा ठिकाणी ही नोंद दिवसाउजेडी होई. तरीही केशोरीतल्या आजच्या एखाद्या तरुणीला आपला खापरपणजोबा त्या रात्री कोणत्या घरात होता आणि काय करून पोट भरत होता हे जनगणनेच्या कागदात पाहायचं म्हटलं, तर तो कागद तिला मिळणार नाही. तो आता अस्तित्वातच नाही.

त्याचं कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. १९०१ पासून आपल्याकडे चिठ्ठ्यांची पद्धत आली. तक्त्यातली प्रत्येक माणसाची माहिती वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायची, चिठ्ठ्या धर्म, जात, वय, धंदा यांप्रमाणे खणांत वाटायच्या आणि मोजायच्या. बेरजा झाल्या की सरकारचं काम संपलं. सरकारला हव्या होत्या संख्या. नावं ही संख्येपर्यंत पोचण्याची पायरी होती. काम झाल्यावर तक्ते आणि चिठ्ठ्या निकालात काढल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या पंधराव्या कलमाने जनगणनेची वैयक्तिक नोंद कोणालाही पाहण्यासाठी बंद केली आणि पुरावा म्हणून ती न्यायालयात चालणार नाही असंही ठरवलं. इंग्लंडमध्ये अशी नोंद शंभर वर्षांनी खुली होते, १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत झाली. अमेरिकेत ७२ वर्षांनी होते, १९५० ची २०२२ च्या एप्रिलमध्ये झाली. आपल्या कायद्यात अशी मुदतच नाही. त्यामुळे परदेशी वंशावळप्रेमींचं पाहून ‘जुन्या जनगणनेत आजोबा शोधू’ म्हणून निघालेला माणूस इथे पहिल्याच दारातून परत येतो आणि बहुतेक वेळा शोधच सोडून देतो.

शोध सोडण्याची गरज नाही, त्याची दिशा मात्र बदलावी लागते. आयर्लंडमध्ये नावावरून गावापर्यंत जाता येतं. आपल्याकडे गावावरून नावापर्यंत जावं लागतं. जुनी जनगणना आपल्याला माणूस देत नाही, पण माणूस ज्या चौकटीत जगला ती चौकट देते: गाव केवढं होतं, त्यात घरं किती, लोक कशावर जगत होते, कोणत्या दशकात वस्ती वाढली आणि कोणत्या दशकात ओस पडली. नाव देणारे कागद वेगळे आहेत आणि ते मुख्यतः महसूल, पोलीस आणि शिक्षण या तीन खात्यांच्या दप्तरांत पडून आहेत. दोन्ही एकत्र वाचले तरच ग्रामीण कुटुंबाचा तीन-चार पिढ्यांचा माग लागतो.

चौकटीचं मोल किती, ते एका आकड्यावरून पाहावं. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ मध्ये ती ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत सुमारे ८० हजार माणसं कमी. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडून गेले. धानाचा हा मुलूख तलावांच्या आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, पाण्यावर जगणारा. सलग वर्षं पाऊस हुकला की बांध्या कोरड्या आणि कोठ्या रिकाम्या. केशोरी परिसरातल्या एखाद्या घराची कहाणी ‘आमचे पूर्वज कुठून तरी इकडे आले’ एवढ्यावरच थांबत असेल, तर त्या ‘कुठून तरी’मागे हे दशक असण्याची शक्यता गंभीरपणे तपासली पाहिजे. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने मध्य प्रांताला देशातल्या सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांत नेऊन ठेवलं. वंशावळीत एकाच वर्षी दोन-तीन नावं तुटलेली दिसली, मुलं मामाकडे वाढलेली आढळली, तर या वर्षाकडे आधी बघावं. घरातली तोंडी आठवण आणि जिल्ह्याचा आकडा एकमेकांना असा अर्थ देतात.

गावावरून निघायचं म्हटलं की पहिली अडचण प्रशासकीय सीमांची. केशोरी जागची हलली नाही, पण तिच्या डोक्यावरची सरकारं बदलत गेली. १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचं राज्य. १८६१ पासून मध्य प्रांत. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० ला महाराष्ट्र. आणि १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा. म्हणून १९५१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका शोधताना महाराष्ट्राच्या यादीत भंडारा सापडत नाही; ती मध्य प्रदेशाच्या प्रकाशनांत पाहावी लागते. १९६१ ची मिळते महाराष्ट्राच्या यादीत, पण भंडारा जिल्ह्याखाली. ‘गोंदिया जिल्हा’ असं लिहून शोधणाऱ्याच्या हाती २००१ च्या आधीचं काहीच लागत नाही आणि कागद नाहीतच असा त्याचा समज होतो. इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव दर वेळी वेगळं लिहिलेलं असतं आणि एका जिल्ह्यात एकाच नावाची अनेक गावं असतात. म्हणून मौजाचं नाव, पटवारी हलका, शेजारच्या चार गावांची नावं आणि तलाव किंवा नदी यांची खूणगाठ आधी बांधून घ्यावी.

१९५१ आणि १९६१ च्या या पुस्तिका सामान्य वाचकाला सर्वात उपयोगी, कारण त्यांत गाववार आकडे आहेत आणि जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर जुन्या पुस्तिकांच्या प्रती विनामूल्य मिळतात. १९५१ मध्ये लोकांची उपजीविकेप्रमाणे आठ वर्गांत विभागणी केली होती: स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची कसणारे, शेतमजूर, जमीन असून न कसणारे, आणि मग उत्पादन, व्यापार, वाहतूक, इतर सेवा. १९६१ मध्ये नऊ वर्ग झाले आणि त्यांत घरगुती उद्योगाला वेगळा रकाना मिळाला. ज्या जिल्ह्यात विडी, कोसा आणि बांबूचं काम घराच्या ओसरीवर चालतं, तिथे हा रकाना फार बोलका ठरतो. आपल्या गावच्या ओळीतले हे आकडे वाचले की पणजोबाचा धंदा ठरत नाही, पण त्याच्या भोवतीचं गाव काय करत होतं हे ठरतं. आणि घरात सांगितला जाणारा त्याचा धंदा त्या गावात सर्वसाधारण होता की अपवाद, हे कळतं.

आता नावांचे कागद. भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी इथे मालगुजारी पद्धत घट्ट केली. १८६० च्या दशकातल्या पहिल्या बंदोबस्तात, म्हणजे शेतसाऱ्याच्या आकारणीत, गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाची मालकी मिळाली आणि कसणारे त्याची कुळं ठरले. पुढच्या बंदोबस्तांत गावागावाची मोजणी होऊन नकाशे, खसरा आणि जमाबंदी तयार झाली. विदर्भात ज्याला बंदोबस्त मिसल म्हणतात ती हीच गावाची फाईल. तिच्यात शेताच्या क्रमांकासमोर कसणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, अनेकदा जात आणि राहण्याचं गाव, आणि त्याचा हक्क कोणत्या प्रतीचा, हे लिहिलेलं असतं: मालक मकबुजा, मौरुसी, साधं कूळ की शिकमी. हा शेवटचा तपशील लोक सहसा सोडून देतात, आणि तोच सर्वात मोलाचा आहे. मौरुसी कूळ म्हणजे जमिनीवर टिकून असलेलं, सहज हुसकता न येणारं घर. शिकमी म्हणजे कुळाचंही कूळ, दर वर्षी दुसऱ्याच्या मर्जीवर. जनगणनेच्या तक्त्यात दोघंही ‘शेतकरी’च असत. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली आणि नव्या व्यवस्थेत १९५४-५५ चा अधिकार अभिलेख तयार झाला. आजचा सातबारा आणि जुनी मिसल यांच्या मधला पूल तोच. सातबारावरून फेरफार, फेरफारावरून अधिकार अभिलेख आणि तिथून मिसल, असं उलटं चालत गेलं की शंभर वर्षं मागे जाता येतं.

घराचा माग मात्र शेतापेक्षा अवघड लागतो, हे आधीच सांगितलेलं बरं. बंदोबस्ताच्या नकाशात शेतांच्या बांध्या बारकाईने आखल्या आहेत, पण वस्तीची जागा एकाच क्रमांकाची आबादी म्हणून दाखवली आहे. घरांची ओळख पटवणारी मोजणी इंग्रजांच्या काळात फक्त जनगणनेने केली, आणि तिच्याच घरयाद्या गेल्या. उरतात दोन वाटा. एक, वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या चालीरीती आणि हक्कांची नोंद: घर बांधायला जागा कोणी द्यायची, जंगलातलं लाकूड, गवत, तलावाचं पाणी कोणी कसं घ्यायचं. दुसरी, ग्रामपंचायतीची घरकर आकारणीची नोंदवही, आजचा नमुना आठ. ती फार जुनी नसते, पण जुनी घरं पाडण्यापूर्वीची मालकी तिच्यात सापडू शकते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन घरांचे नकाशे बनत आहेत. येणाऱ्या पिढीला घर सापडेल. गेलेल्या पिढीचं घर नमुना आठ आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीवरच शोधावं लागेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. हे सगळे कागद जमीनवाल्यांचे. ज्याच्याकडे शेतच नव्हतं, त्या शेतमजुराचं, ढिवराचं, गोवाऱ्याचं, जंगलावर जगणाऱ्या गोंडाचं, गावकामगार महाराचं काय? मिसलीत त्यांचं नाव क्वचितच येतं. पण इथे विदर्भाकडे एक कागद आहे जो जमिनीची अट घालत नाही: कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यूची खबर ठेवी आणि पोलीस ठाण्याला कळवी. जन्माच्या नोंदीत बहुतेकदा बाळाचं नावही नसतं. बापाचं नाव, जात, गाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. मृत्यूच्या नोंदीत वय आणि आजार. ताप, हगवण, देवी असे शब्द एकाखाली एक येत जातात. ज्या घराने कधी सातबारा पाहिला नाही त्याचाही जन्म-मृत्यू इथे आहे. हे काम करणारा कोतवाल बहुतेक गावांत महार समाजातला होता, म्हणजे गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाने साऱ्या गावाची हजेरी राखली. आपल्या ग्रामीण इतिहासाने या माणसांचे ऋण अजून पुरेसे मानलेले नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. याच्या जोडीला शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. त्यात मुलाचं नाव, पालकाचं नाव, जात, जन्मतारीख, आणि कधी पालकाचा धंदाही. तरीही शाळेत न गेलेल्या मुली आणि जंगलात आत राहणारी कुटुंबं या जाळ्यातून निसटतात, हे मान्यच करावं लागतं.

स्त्रियांबाबत तर जनगणना स्वतःच अपुरी आहे. धान लावायची रोवणी, निंदण, कापणी या कामांत बाईचा हात पुरुषाइतकाच, कित्येक ठिकाणी जास्त. पण १९०१ च्या पद्धतीत ‘कमावणारा’ आणि ‘अवलंबून असणारा’ अशी विभागणी होती आणि घरच्या बांधीत राबणारी बाई कोणत्या बाजूला जाईल हे विचारणाऱ्यावर आणि उत्तर देणाऱ्या पुरुषावर ठरे. १९३१ मध्ये ‘काम करणारा अवलंबित’ असा वर्ग आला, १९५१ मध्ये पुन्हा वेगळे शब्द आले. त्यामुळे एका जनगणनेत बायका कामकरी दिसतात आणि दुसऱ्यात नाहीशा होतात. गाव बदललेलं नसतं, प्रश्न बदललेला असतो. मोजणीच्या तारखेचंही तसंच. आपल्या जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्या. झाडीपट्टीत तेव्हा धानाची मळणी होऊन गेलेली, मोहफुलं पडू लागलेली, मजूर कामासाठी बाहेर गेलेला. रोवणीच्या आषाढात तोच प्रश्न विचारला असता तर उत्तरं वेगळी आली असती. म्हणून आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या प्रश्नाला मिळालेला आहे हे पाहावं.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. इंग्रजांनी जाती आणि धंदे आपल्या सोयीने कप्प्यांत कोंबले, तेव्हा त्या नोंदींवर विसंबून पूर्वज शोधणं म्हणजे त्यांचेच कप्पे डोक्यावर घेणं, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे. मध्य प्रांताच्या १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख आर. व्ही. रसेल यांनीच पुढे हिरालाल यांच्यासह १९१६ मध्ये प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड प्रसिद्ध केले. त्या काळच्या वर्गीकरणाची छाया आजच्या न्यायालयांपर्यंत पोचते. विणकामाचा धंदा करणारे हलबा कोष्टी आणि आदिवासी हलबा यांचा वाद २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. गुराखी गोवारी आणि अनुसूचित जमातींच्या यादीतले ‘गोंड गोवारी’ हे एकच की वेगळे, या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरातल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी गेले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन वेगळे असल्याचा निर्णय दिला. शतकापूर्वी कोणी काय शब्द लिहिला यावर आज माणसांची भवितव्यं ठरतात. पण याचा निष्कर्ष कागद टाकून द्यावा असा निघत नाही. उलट कागद एकटा वाचू नये, असा निघतो. मिसलीतली जात, कोतवाल बुकातली जात आणि शाळेतली जात वेगवेगळी निघाली, तर ती तफावतच त्या घराच्या बदलत्या जगण्याची नोंद असते: कोणी धंदा बदलला, कोणी नाव बदललं, कोणाला लिहिणाऱ्याने आपल्या मताने काही चिकटवलं.

आज बहुतेक लोक हे कागद जात पडताळणीसाठीच काढतात, अनुसूचित जातींसाठी १९५०, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ अशा मानीव दिनांकांच्या आधीचा पुरावा म्हणून. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा महाराष्ट्रभर जुनी दप्तरं पुन्हा उघडली गेली. गरजेपोटी का होईना, सामान्य माणसाला तहसिलीच्या अभिलेख कक्षाची वाट माहीत झाली, याचं मला मोल वाटतं. पण हवी ती ओळ मिळाली की लोक पान मिटतात. त्याच पानावर आपल्या घराचं आणखी किती लिहिलं आहे, ते वाचतच नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला लागते. गाव सोडून दूर गेलेल्या गरिबांची नोंद राहिलेल्यांपेक्षा नेटकी आहे. गिरमिटावर, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून, मॉरिशसला गेलेल्यांची कागदपत्रं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत आणि तिथली मराठी कुटुंबं त्यांवरून कोकणातल्या मूळ गावांपर्यंत पोचतात. मजूर हरवू नये म्हणून वसाहतीच्या सरकारने त्याचं नाव, बाप, जात, गाव लिहून ठेवलं. केशोरीच्या बांधीत जन्म काढलेल्या माणसाची अशी नोंद ठेवायची कोणाला निकड नव्हती. गोठणगावजवळची १९७२ ची तिबेटी वसाहत आणि तालुक्यातल्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्या यांचीही पुनर्वसनाच्या निमित्ताने नोंद झाली. शेजारच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचं कोतवाल बुक मात्र कसरीने खाल्लेलं.

म्हणून दोन मागण्या कराव्याशा वाटतात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, ती डिजिटल होणार आहे आणि तिच्यात जात विचारली जाणार आहे. आता चिठ्ठ्यांच्या गोण्या साठवायचा प्रश्न नाही. व्यक्तींची नोंद शंभर वर्षं पूर्ण गुप्त ठेवून नंतर खुली करावी, अशी तरतूद कायद्यात व्हायला हवी. खासगीपणाचं भय रास्त आहे, विशेषतः जातीबाबत. पण शंभर वर्षांनी ते भय बरंच ओसरतं, आणि नष्ट केलेला कागद परत आणता येत नाही. दुसरी मागणी जवळची आहे. अनेक जिल्ह्यांत महसुली कागदांचं स्कॅनिंग झालं आहे. कोतवाल बुकं आणि जुनी दाखल-खारीज रजिस्टरं यांना त्यात पहिला मान द्यावा, कारण भूमिहीनांचा मुख्य आधार तेच कागद आहेत.

वाचकाने स्वतः मात्र सरकारची वाट पाहू नये. घरातल्या सर्वात वयस्क बाईला तिचं माहेर, तिच्या आईचं माहेर आणि सासूचं माहेर विचारून गावांची नावं लिहून घ्यावीत, मौजा आणि जुनी तहसील नक्की करावी, आणि तहसील कार्यालयात बंदोबस्त मिसल, अधिकार अभिलेख व कोतवाल बुक यांच्या नकलेसाठी अर्ज द्यावा. तो अर्ज साध्या कागदावर, थोड्याशा शुल्कात होतो.